छोटा फिल्म कॅमेरा हातात बसत नाही, ग्रिप कुठली लावू?

या वेळच्या पत्रांमध्ये एकच विषय इतक्यांदा आलाय की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवलेत. कुणाला कपाटात जुना कॅमेरा सापडलाय, कुणी सेकंडहँड घेतलाय, रोल टाकून फोटो काढायला सुरुवात झालीय आणि सगळ्यांची तक्रार तीच, कॅमेरा गोड आहे पण हातात बसत नाही. पत्रं थोडी कमी करून देतेय, मुद्दे मात्र ज्याचे त्याचे तसेच ठेवलेत.

प्रश्न: ताई, मामाने त्याचा ऑलिंपसचा म्यू-टू मला वापरायला दिलाय. माझे हात मोठे आणि हा कॅमेरा म्हणजे साबणाची वडी, गुळगुळीत आणि कडा नसलेला. एकदा हातातून सटकला, गादीवर पडला म्हणून वाचला. संध्याकाळचे फोटो हललेले येतात आणि दोन फोटोंच्या वेळी माझं बोट फ्लॅशवर आलं होतं. चिकटवायची ग्रिप, खालून स्क्रूने बसणारी ग्रिप, लेदरची केस असं सगळं बघून झालं, आता काही सुचत नाही. नेमकं काय घेऊ?

उत्तर: तुम्ही एका पत्रात तीन तक्रारी लिहिल्यात आणि तिन्हींना एकच औषध शोधताय म्हणून गोंधळ होतोय. कॅमेरा पडतो, फोटो हलतात आणि बोट नको तिथे जातं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पडण्यावर उपाय ग्रिप नाहीच, मनगटात अडकवायची दोरी आहे. हा कॅमेरा बॅटरी सोडून साधारण १३५ ग्रॅमचा, एवढ्या हलक्या वस्तूला धरायला ताकद लागत नाही, उलट आपण जेवढं आवळायला जातो तेवढी ती पुढे निसटते. दोरी मनगटात असली की पडायची धास्ती जाते, बोटं सैल पडतात आणि सैल बोटांत कॅमेरा जास्त नीट राहतो, ऐकायला उलटं वाटेल पण दोन दिवस करून बघा. दोरी घेताना कॅमेऱ्यात अडकणारं टोक बारीक पण पक्क्या दोऱ्याचं बघून घ्या, धातूची कडी नको, ती बॉडीवर घासत राहते आणि महिनाभरात चरे दिसायला लागतात. मनगटावर सरकवून आवळता येईल असा मणी किंवा गाठ असेल तर उत्तम.

हललेल्या फोटोंचं कारण तुमच्या हातात कमी आणि शटरमध्ये जास्त आहे. म्यू-टूमध्ये फ्लॅश बंद केला की कमी उजेडात शटर ४ सेकंदांपर्यंत उघडं राहू शकतं. ३५ एमएम लेन्सला हातात धरून १/३० सेकंदापर्यंत बऱ्याच जणांचं निभावतं, शटर त्याहून जास्त वेळ उघडं राहिलं की कितीही भारी ग्रिप लावा, फोटो हलणार. तिथे ४०० आयएसओचा, म्हणजे कमी उजेडातही चालणारा रोल घाला, कोपरं बरगड्यांना टेकवा, खांद्याने भिंतीचा किंवा खांबाचा आधार घ्या आणि श्वास सोडता सोडता बटण दाबा. अजून एक, या कॅमेऱ्याचं झाकण बंद करून परत उघडलं की फ्लॅशचं सेटिंग ऑटोवर जातं, म्हणजे मगाशी बंद केलेला फ्लॅश आता बंद असेलच असं धरून चालू नका.

राहिलं बोट. आणि इथे ग्रिप खरंच कामाची आहे. अंधारात आपल्या खोलीतल्या स्विचवर हात कसा न बघता जातो, तसं बोटांना न बघता सापडणारं ठिकाण करून देणं हे ग्रिपचं काम. बोटं रोज एकाच जागी बसायला लागली की ती फ्लॅशवर, फोकसच्या छोट्या खिडक्यांवर, लेन्सच्या कडेवर भटकत नाहीत. लोक ग्रिप घेताना पकड किती घट्ट येते ते बघतात, मी बोटं किती पटकन जागेवर जातात ते बघते.

आता तुमच्या कॅमेऱ्याची अडचण अशी की पुढे सरकतं झाकण आहे. पुढे जाड ग्रिप चिकटवली आणि ती झाकणाच्या वाटेत आली तर कॅमेरा उघडायचा कसा आणि बंद करायचा कसा? म्हणून पुढच्या बाजूचा विचारच सोडा आणि मागे अंगठ्यासाठी जागा करा. दीड-दोन मिलिमीटर जाडीचा रबराचा तुकडा, अंगठ्याच्या पेराएवढा, बस. विश्वास बसणार नाही इतका फरक पडतो, कारण छोट्या कॅमेऱ्यात पुढची बोटं नुसती टेकलेली असतात, खरा जोर अंगठाच देत असतो आणि त्यालाच टेकायला काही नसतं.

जागा ठरवायची पद्धत सांगते. मागच्या दारावर मास्किंग टेपचा एक मोठा तुकडा लावा. डोळे मिटून कॅमेरा उचला, फोटो काढायला डोळ्याला लावा, तसाच धरून ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी पेन्सिलने अंगठ्याभोवती रेघ मारायला सांगा. खाली ठेवा, परत उचला, परत रेघ. असं आठ-दहा वेळा, त्यातले दोन-तीन वेळा कॅमेरा उभा धरून. टेपवर पेन्सिलींच्या रेघांचं एक जाळं दिसेल, ते जिथे सगळ्यात दाट असेल तिथे तुकडा लावायचा. दाराच्या फटीवर मात्र तो येऊ देऊ नका, या कॅमेऱ्याला पाण्याच्या शिंतोड्यांपासून वाचवणारी सील आहेत आणि दार बसताना मध्ये काही आलं तर त्यांचा उपयोग संपला. रोल दिसायची छोटी खिडकीही मोकळी ठेवा.

चिकटवायला फार जबरदस्त टेप वापरू नका. लावताना बरं वाटतं, काढताना रंगही घेऊन येते. साधी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप पुरते, आणि कधी काढायची झाली तर ओढू नका, एक मजबूत दोरा तुकड्याच्या मागे घालून करवतीसारखा हळूहळू पुढेमागे करत न्या, अलगद सुटते.

प्रश्न: माझ्याकडे कॅनोनेट क्यूएल१७ जीथ्री आहे. जड वाटतो म्हणून खालून स्क्रूने बसणारी आणि उजवीकडे वर वळलेली धातूची ग्रिप घेतली. पकड मस्त आली पण त्यानंतरच्या पहिल्याच रोलमध्ये निम्मे फोटो एकमेकांवर चढलेत, मधली काळी पट्टी गायब, एका ठिकाणी तर तीन फ्रेम एकात एक. कॅमेरा बिघडला का? सर्व्हिसिंगवाल्याकडे न्यायच्या आधी विचारतोय.

उत्तर: थांबा, न्यायची घाई करू नका. आधी ग्रिप काढा, कॅमेरा उलटा करा आणि तळाला असलेलं ते छोटं गोल बटण बघा, रोल संपल्यावर गुंडाळायच्या आधी जे दाबतो ते. माझा संशय शंभर टक्के त्यावर आहे.

हे बटण काय करतं ते समजून घेतलं की सगळा उलगडा होतो. आपण लिव्हर ओढतो तेव्हा आतली दातेरी चाकं फिल्मच्या कडेच्या भोकांत अडकून ती बरोब्बर एका फ्रेमएवढी पुढे नेतात. बटण दाबलं की ती पकड सुटते, चाकं मोकळी फिरतात, म्हणून तर आपण फिल्म मागे गुंडाळू शकतो. आता तुमच्या ग्रिपची पट्टी त्या बटणावरून गेली असेल आणि स्क्रू आवळताना बटण थोडंसं आत ढकललं जात असेल, तर लिव्हर ओढल्यावर शटर भरतं पण फिल्म कधी पूर्ण सरकते, कधी अर्धी, कधी जागची हलतच नाही. एकाच फ्रेमवर मुद्दाम दोन फोटो काढणारे लोक हेच करतात, बटण दाबून धरतात आणि लिव्हर ओढतात. तुमच्याकडून ते नकळत झालंय, रोलभर.

तपासायला रोल वाया घालवू नका. एखादी जुनी, फुकट गेलेली फिल्म असेल तर ती भरा, ग्रिप न लावता. वरच्या गुंडाळायच्या खुंटीने आतला ढिलेपणा हलकेच काढून घ्या, मग लिव्हर ओढताना त्या खुंटीकडे बघा, प्रत्येक वेळी ती सारखीच फिरली पाहिजे. आता ग्रिप आवळा आणि परत बघा. फिरायची थांबली किंवा कमीजास्त फिरायला लागली तर चोर सापडला. ही खुंटी बघायची सवय तशीही लावून घ्या, रोल नीट लागलाय की नाही ते तीच सांगते.

ग्रिप टाकून द्यायची गरज नाही. तिच्या पट्टीत बटणाच्या जागी भोक पाडून घेता येतं, नाहीतर पट्टी आणि बॉडीच्या मध्ये बटणाची जागा मोकळी सोडून पातळ लेदर किंवा रबर घाला म्हणजे पट्टी बटणापासून उचललेली राहील. भोक पाडलेलं जास्त चांगलं, कारण मग प्रत्येक रोलला ग्रिप सोडवायला लागत नाही. आणि बॅटरीचं झाकण पट्टीखाली जातंय का तेही याच वेळी बघून घ्या, भर फोटो काढताना बॅटरी बसली आणि ती बदलायला नाणं घेऊन स्क्रू सोडवत बसायला लागलं की जीव नको होतो.

स्क्रूबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथे कॅमेरे कायमचे खराब होतात. ट्रायपॉडचं भोक बहुतेक सगळ्या छोट्या कॅमेऱ्यांना पाव इंचाचं असतं, एका इंचात २० आटे. म्हणजे कुठलाही स्क्रू कुठेही बसतो, आणि हीच पंचाईत आहे, कारण जाडी आणि आटे ठरलेले असले तरी लांबीचा पत्ता नसतो. काही वर्षांपूर्वी मी एका जुन्या रेंजफाइंडरला (खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा, कॅनोनेटसारखा) अशीच एक ग्रिप लावली. स्क्रू आवळत गेले, शेवटी पट्टी अजून किंचित हलत होती म्हणून अजून अर्धा फेरा दिला आणि आत काहीतरी कट्कन वाजलं. स्क्रू भोकाच्या तळाला टेकला होता आणि पट्टी आवळण्याऐवजी तो तळच वर ढकलत होता. तळाचा पत्रा आतल्या बाजूला फुगला, ट्रायपॉडचं भोक ढिलं झालं ते झालंच. तेव्हापासून मी आधी नुसता स्क्रू, ग्रिपशिवाय, हाताने सावकाश आत घालून बघते, किती फेरे जातोय ते मोजते. मग ग्रिपसकट घालते. ग्रिपसकट तेवढेच फेरे जात असतील किंवा पट्टी घट्ट व्हायच्या आधीच स्क्रू थांबत असेल तर स्क्रू लांब आहे, वॉशर घाला किंवा छोटा स्क्रू शोधा. आणि नाण्याने आवळताना बोटांच्या जोरावर थांबा, मनगट वापरू नका. प्लॅस्टिक बॉडीच्या कॅमेऱ्यांना तर याहून जास्त जपा.

प्रश्न: रोलाय ३५ साठी खालची ग्रिप सुचवा.

उत्तर: नाही सुचवणार. १९६६ साली आलेल्या या कॅमेऱ्याने जागा वाचवायला सगळा संसार तळाशी नेऊन ठेवलाय, फ्लॅशचा शू (फ्लॅश सरकवून बसवायची खाच) तिथे, फोटो मोजायचा आकडा तिथे, गुंडाळायची कळ तिथे, मागचं दार सोडवायची कळही तिथेच. खाली पट्टी लावली की यातलं निम्मं तरी झाकलं जाणार. शिवाय लिव्हर डाव्या अंगठ्याने ओढायची असते, त्यामुळे उजवा हात जागचा हलतच नाही, हा या कॅमेऱ्याचा मोठा गुण आहे, त्याचा फायदा घ्या. उजव्या हाताची बोटं बॉडीच्या कडेला गुंडाळून, डाव्या हाताचा अंगठा लिव्हरवर तयार. मनगटाची दोरी लावा, एवढंच. वजन साधारण ३७० ग्रॅम आणि बॉडी धातूची, तो हातात आपोआप स्थिर राहतो.

प्रश्न: डिजिटल कॅमेऱ्याला फ्लॅशच्या शूमध्ये सरकवायचा अंगठ्याचा आधार मिळतो, मी तो वापरते आणि मला फार आवडतो. तोच माझ्या छोट्या फिल्म रेंजफाइंडरला लावला तर?

उत्तर: डिजिटलमध्ये ज्या कोपऱ्यात तो आधार बसतो, त्या कोपऱ्यात तुमच्या फिल्म कॅमेऱ्याची लिव्हर असते. आधार लावलात तर लिव्हर पूर्ण फिरणार नाही, आणि अर्धवट फिरली तर फिल्म पूर्ण सरकत नाही आणि शटरही भरत नाही. शिवाय तो आधार शूवर सतत रेटा देत असतो, जुन्या कॅमेऱ्यांचा शू वरच्या पत्र्याला दोन-चार बारीक स्क्रूंनी लावलेला असतो, त्याच्यावर हे ओझं नको.

पण तुम्हाला आधार आयताच मिळालेला आहे. लिव्हर अर्धा इंचभर बाहेर ओढून ठेवा आणि अंगठा तिच्या आणि बॉडीच्या बेचक्यात टेकवा. बऱ्याच कॅमेऱ्यांत लिव्हर तिथे थांबेल अशी सोयच केलेली असते, आणि वर्षानुवर्षं फिल्मवर काम करणारे लोक कॅमेरा असाच धरतात. फक्त काही कॅमेऱ्यांत लिव्हर बाहेर ओढली की लाइट मीटर चालू होतो, लायकाचा १९७३ चा सीएल त्यातलाच. अशा कॅमेऱ्यात काम झालं की लिव्हर आठवणीने आत ढकला, नाहीतर बॅगेत पडल्या पडल्या बॅटरी संपेल.

ज्यांचा कॅमेरा मोटरने स्वतःच फिल्म ओढतो आणि वर शूही आहे, त्यांनी हा आधार जरूर लावून बघावा, तिथे लिव्हरचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न: ऑलिंपस ट्रिप ३५ ला लेदरची हाफ केस शोभेल का? म्हणजे दिसायला तर शोभतेच, पण ग्रिप म्हणून?

उत्तर: शोभेल, आणि ग्रिप म्हणूनही चालेल, पण लोक समजतात त्या कारणासाठी नाही. लेदर खरखरीत असतं म्हणून पकड येते असं नाही, हाफ केसमुळे (कॅमेऱ्याचा खालचा अर्धा भाग झाकणारी केस) कॅमेऱ्याची उंची काही मिलिमीटरने वाढते आणि इतके दिवस हवेत लोंबकळणाऱ्या करंगळीला टेकायला जागा मिळते. हा खरा फायदा. मोठ्या हाताच्या माणसाला तेवढ्यानेही बरं वाटतं.

घेताना बघा की लेन्सभोवतालच्या त्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या काचेवर केसची कड येत नाही. उजेड मोजणारा सेलेनियमचा पट्टा तिच्यामागे आहे, तो झाकला गेला तर कॅमेरा अंधार समजून बसेल. तळाला रिवाइंडच्या, म्हणजे फिल्म गुंडाळायच्या आधी दाबायच्या बटणासाठी भोक हवं. मागचं दार केस न काढता उघडत असेल तर फारच छान, बहुतेक केसमध्ये उघडत नाही, प्रत्येक रोलला केस काढायची तयारी ठेवा.

आणि एक कळकळीची विनंती, महिनोन्महिने कॅमेरा लेदरच्या केसमध्ये ठेवून कपाटात बंद करू नका. लेदर दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं आणि लेन्सला बुरशी धरायला तेवढं निमित्त पुरतं. एकदा ती काचेवर पसरली की साफ करूनही कधीकधी डाग राहतात. वापरायचा नसेल तेव्हा केस वेगळी, कॅमेरा वेगळा.

प्रश्न: मला ग्रिप स्वतःच बनवायची आहे. मित्राकडे थ्रीडी प्रिंटर आहे. नाहीतर ती हवेत ठेवली की रबरासारखी घट्ट होणारी पुटी मिळते, ती वापरू का? बोटांचे खड्डे असलेली, अगदी माझ्या हाताच्या मापाची ग्रिप करायचा विचार आहे.

उत्तर: मला तुमचं पत्र सगळ्यात जास्त आवडलं. विकतच्या ग्रिप सरासरी हाताच्या मापाने बनतात आणि सरासरी हात कुणाचाच नसतो, त्यामुळे घरी केलेली ग्रिप जमली तर तिच्यासारखी दुसरी नाही.

सुरुवात प्रिंटरपासून नको, मुलांच्या रंगीत क्लेपासून करा. कॅमेऱ्यातून रोल काढा, बॉडीला स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म गुंडाळा म्हणजे क्लेचा तेलकटपणा लागणार नाही. उजव्या बाजूला क्लेची एक जाड वळी लावा आणि नेहमीसारखा कॅमेरा धरा. पाच मिनिटं तसंच राहा, खिडकीबाहेर बघत फ्रेम लावत बसा, आडवा धरा, उभा धरा. मग खाली ठेवून बघा क्ले कुठे दबलीय. सुरुवातीला वळी नेहमी जास्तच जाड लावली जाते. छोट्या कॅमेऱ्याला ८ ते १० मिलिमीटर उंची खूप झाली. कसोटी अशी, तीन बोटं ग्रिपभोवती असताना तर्जनी किंचित वाकलेली राहून शटरच्या बटणावर आली पाहिजे. ती ताणली जात असेल तर ग्रिप फार उंच किंवा फार बाहेर आहे. आणि बोटांची टोकं लेन्सला लागत नाहीत ना ते बघा, जिथे लेन्स बाहेर येते तिथे तर नक्कीच.

बोटांच्या खड्ड्यांबद्दल मात्र माझं ऐका, ते करू नका. आडव्या कॅमेऱ्याला ते खड्डे अगदी मापाचे वाटतात, पण कॅमेरा उभा धरला की हात वेगळ्या कोनात जातो, बोटं दोन खड्ड्यांच्या मधल्या उंचवट्यावर येतात आणि बोचायला लागतं. एक साधा गुळगुळीत फुगवटा, खालून वर किंचित निमुळता, सगळ्या कोनांत चालतो. रिकोने १९९६ च्या जीआर वनला उजव्या बाजूला कंपनीतूनच रबरी फुगवटा दिला होता, बाकी बॉडी पातळ, खिशात जाणारी. त्याचे फोटो समोर ठेवून क्लेला आकार द्या, तुम्हाला लगेच कळेल किती थोड्यात काम होतं.

क्लेचा आकार मनासारखा झाला की मग प्रिंट. पीएलए हे प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, उन्हात बंद गाडीत राहिलेली ग्रिप वाकडी होऊन बसेल, त्यापेक्षा पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लॅस्टिक बरं. कोपरे गोल करा आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून वर पातळ रबर किंवा लेदरेट (नकली लेदर) लावा, नुसत्या प्रिंटच्या रेघा घामट हाताला घसरतात.

पुटीचं म्हणाल तर सुग्रू ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली, २००९ पासून मिळते. पाकीट उघडल्यावर साधारण अर्धा तास आकार देता येतो आणि पातळ थर एका दिवसात घट्ट होतो. ती चिकटण्यासाठीच बनवलीय हे विसरू नका, थेट बॉडीवर लावलीत तर जुन्या कॅमेऱ्याचं लेदरेट तिच्याबरोबर उपटून येईल. आधी बॉडीवर सहज निघणारी टेप, टेपवर पुटी, घट्ट झाली की टेपसकट उचलायची आणि मग आपल्याला हव्या त्या साध्या टेपने परत चिकटवायची. थोडा जास्त वेळ जातो, पण कॅमेरा उद्या दुसऱ्या कुणाला द्यायचा झाला तर जसा होता तसा देता येतो.

आणि हो, झालेली ग्रिप लावून कॅमेरा तुमच्या रोजच्या खिशात घालून बघा. खिशात जात नसेल तर तो घरीच राहायला लागेल.

प्रश्न: शटरच्या बटणावर स्क्रूने बसणारी छोटी गोल टोपी ऑलिंपस एक्सए ला बसेल का?

उत्तर: नाही. ती टोपी केबल रिलीजच्या (लांबून बटण दाबायची तार) आट्यांत बसते आणि एक्सए च्या लाल बटणाला आटेच नाहीत. गरजही नाही, १९७९ च्या या कॅमेऱ्याचं बटण इलेक्ट्रॉनिक आहे, बोट टेकल्या टेकल्या शटर पडतं. त्यावर चिकटणारी टोपी तर मुळीच लावू नका, उघडा कॅमेरा हातात धरता धरता नको तेव्हा शटर पडेल. एक्सए ला खालची पट्टीही नको, बॅटरी, सेल्फ टायमरची कळ आणि रिवाइंडचं बटण सगळं तळाला आहे. ट्रिप ३५ किंवा कॅनोनेटला मात्र टोपी छान बसते, फक्त आट्यांत एक बारीक रबरी रिंग घाला, नाहीतर सैल होऊन कुठे पडली ते कळणारही नाही.

प्रश्न: वयाने मी तुमच्यापेक्षा मोठा असेन. साठी ओलांडली, हात थोडे थरथरतात, डॉक्टरांनी काळजीचं काही नाही म्हणून सांगितलंय. चाळीस वर्षं फिल्मवर फोटो काढले, आता छोटा कॅमेरा हातात घेतला की फ्रेम स्थिर राहत नाही. कुठली ग्रिप लावली म्हणजे परत पहिल्यासारखे फोटो येतील?

उत्तर: काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. नुसत्या ग्रिपने थरथर जाणार नाही, पण फोटो स्थिर येतील अशा गोष्टी नक्की आहेत आणि त्यातली एकही महागडी किंवा अवघड नाही.

पहिलं म्हणजे खूप हलका कॅमेरा तुमच्या हाताला साथ देणार नाही. हाताची प्रत्येक हालचाल १३५ ग्रॅमच्या प्लॅस्टिकला लगेच जाणवते, तीच ६०० ग्रॅमच्या धातूच्या बॉडीला तेवढी हलवू शकत नाही. म्हणजे तुमच्या कपाटात जुना जड रेंजफाइंडर पडला असेल तर तोच बाहेर काढा. नवाच घ्यायचा असेल तर मुळातच पुढे ग्रिप असलेला बघा, पेंटॅक्सने २०२४ मध्ये आणलेल्या १७ ला तशी आहे, तो हाफ फ्रेम आहे, म्हणजे एका फ्रेमच्या जागेत दोन फोटो येतात, आणि फार जड नाही, पण बोटांना धरायला नीट जागा आहे.

दुसरं, ४०० चा रोल आणि शटर १/१२५ किंवा १/२५० वर. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) मोठं ठेवावं लागलं तरी चालेल.

तिसरं, ग्रिपच हवी असेल तर टेबलावर ठेवायचा छोटा ट्रायपॉड घ्या, त्याचे पाय मिटवून कॅमेऱ्याच्या खाली लावा आणि डाव्या मुठीत धरा. कॅमेरा वरून उजव्या हाताने आणि खालून डाव्या मुठीने, दोन वेगळ्या उंचीवरून धरला जातो. हवं तर तोच ट्रायपॉड छातीला टेकवा, तीन ठिकाणी आधार झाला.

आणि चौथी गोष्ट मला सगळ्यात जास्त भरवशाची वाटते. पाव इंचाचा, २० आट्यांचा एक आखूड बोल्ट घ्या, त्याच्या डोक्याला न ताणली जाणारी पक्की दोरी बांधा. बोल्ट ट्रायपॉडच्या भोकात हलक्या हाताने बसवा, दोरी खाली जमिनीपर्यंत सोडा आणि दुसरं टोक बुटाखाली दाबून उभे राहा. आता कॅमेरा डोळ्याला लावून किंचित वर ओढा, दोरी ताठ होईपर्यंत. खालून दोरी ओढतेय, वरून तुम्ही, त्या ताणामध्ये हाताची थरथर बरीचशी विरून जाते. दोरी डोळ्याच्या उंचीपेक्षा वीतभर लांब ठेवा म्हणजे बुटाखाली दाबायला टोक उरतं, आणि बसून फोटो काढायचे असतील तेव्हासाठी मध्ये एक गाठ मारून ठेवा, ती गाठ पायाखाली घेतली की दोरी आपोआप बसल्या उंचीची होते. गुंडाळली की खिशात मावते. एक रोल असा काढा आणि कसा आला ते मला कळवा, मी वाट बघतेय.